दुसरीच्या पायातली धाव

भूमच्या बाजारात लोक मिरच्या निवडता निवडता त्या दोघींवरून वाद घालायचे. हर्षाली भूमचीच. शिवलीला तुळजापूर तालुक्यातल्या जळकोटची. एकाच जिल्ह्यातल्या दोन मुली देशातल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये खेळतात आणि दोघीही पॉइंट गार्ड आहेत, हे लोकांना अजून पुरतं खरं वाटत नव्हतं. पॉइंट गार्ड म्हणजे आपल्या बाजूकडून चेंडू पुढं घेऊन येणारी, खेळ कुणीकडं वळवायचा ते ठरवणारी. हर्षाली पुण्याच्या संघाकडून खेळायची, शिवलीला बंगळुरूच्या. भूम-वाशीकडची माणसं म्हणायची, हर्षालीइतकी चपळ पोरगी देशात दुसरी नाही. जळकोटकडची म्हणायची, चपळाईचं काय घेऊन बसलात, आमच्या शिवलीलाला न बघता कळतं कोण कुठं उभं आहे. मोबाइलवर दोघींचे फोटो शेजारी शेजारी यायचे आणि खाली विचारलेलं असायचं, कोण भारी?

हर्षालीचे वडील बब्रुवान यांचं उत्तर ठरलेलं होतं. शेतातली कामं उरकली की ते स्टँडसमोरच्या हॉटेलात जाऊन बसत आणि चहा गार होईपर्यंत लेकीची बाजू मांडत. लेकीकडून शिकलेले खेळातले शब्द ते आपल्या बोलण्यात असे मिसळत, की ऐकणाऱ्याला ते बियाण्याच्या वाणाबद्दल बोलतायत असं वाटावं.

दोघींची मात्र मैत्री नव्हती आणि वैरही नव्हतं. लहानपणी जिल्ह्याच्या संघात त्या एकत्र खेळल्या होत्या. पुढं वाटा वेगळ्या झाल्या. समोर आल्या की हसायच्या, हात मिळवायच्या आणि खेळायला लागायच्या.

मग लीगच्या उपांत्य सामन्यात ते घडलं. हर्षाली चेंडू घेऊन शिवलीलासमोर आली, डावीकडून निसटायला तिनं पाय रोवला आणि तिचा गुडघा आतल्या आत फिरला. कुणाचा धक्का नाही, कुणाचा पाय आडवा नाही. तिला एवढंच आठवत होतं, की हॉलमधला गलका एकाएकी दूर गेला, विहिरीच्या तळातून वरचं बोलणं ऐकू यावं तसा. आणि त्या शांततेत शिवलीलाचा चेहरा तिच्यावर वाकला होता. ती आपल्या घरच्या कानडीत काहीतरी पुन्हा पुन्हा म्हणत होती.

पुण्यात ऑपरेशन झालं. डॉक्टर चांगले होते, सरळ बोलणारे. ते म्हणाले, की तुम्ही पुन्हा खेळाल, पण ती पहिली उसळी, उभ्या जागेवरून वाऱ्यासारखं सुटणं, ते पूर्वीसारखं येईल असं धरून चालू नका. हर्षालीनं मान डोलावली. हे तिनं घरी सांगितलं नाही, संघाच्या प्रशिक्षकांनाही सांगितलं नाही. गुडघा बरा होतोय, एवढंच ती सगळ्यांना सांगत राहिली.

उन्हाळा लागला तशी ती भूमला आली. त्यांचं घर गावाबाहेर शेतात होतं. अंगणात लिंबाचं झाड, त्याखाली बाज, आणि समोर उघडा माळ पार डोंगराच्या कडेपर्यंत गेलेला. कडेवर पवनचक्क्या उभ्या होत्या. त्यांची पाती इतकी सावकाश फिरत, की बघताबघता डोळे जड व्हायचे. आई, द्वारकाबाई, तिच्या पायाखाली उशी ठेवून आत जायची. हर्षाली फोनवर जुने सामने लावायची, आवाज बंद करून. आपले नाही, शिवलीलाचे.

आधी ती चुका शोधायला बघत होती. शिवलीला तिला नेहमी जरा आळशी वाटायची. चेंडू हातात आला तरी घाई नाही, चालल्यासारखी यायची, थांबायची, आणि मग चेंडू अचानक भलत्याच कुणाच्या हातात असायचा. आता आवाजाशिवाय बघताना ते वेगळंच दिसायला लागलं. सगळ्या जणी धावतायत, आणि त्यांच्या मधोमध एक जण उभी आहे, अंगणात सडा वाळायची वाट बघत उभं राहावं तशी.

बघता बघता तिला डुलकी लागायची. उन्हाच्या झळा माळावर थरथरत असायच्या आणि जाग कुठं संपली, झोप कुठं सुरू झाली ते तिला कळायचं नाही. स्वप्न मात्र एकच पडायचं. ती माळावरून धावतेय, गुडघा धडधाकट, पावलांचा आवाज नाही. तिनं हात पुढं करायच्या आतच चेंडू हातात येतोय. फेकणारी दिसत नाही. जागी झाली की तिचा हात बाजेवरून खाली लोंबत असायचा आणि तळवा उघडा असायचा.

बब्रुवान आता हॉटेलात जात नव्हते. कुणी विचारलं तर म्हणायचे, शेतात काम लई हाय. शेतं तर नांगरून पडली होती.

एका संध्याकाळी ऊन कलल्यावर बांधावरून एक उंच मुलगी पाठीला बॅग लावून चालत येताना दिसली. सगळ्यात आधी ओळखलं ते बब्रुवाननीच. तो चेहरा त्यांनी लेकीच्या चेहऱ्याशेजारी इतक्या वेळा पाहिला होता. ते उठून उभे राहिले, क्षणभर काय करावं ते त्यांना सुचलं नाही, आणि मग स्वतःच माठातून तांब्या भरून घेऊन सामोरे गेले.

“या, बाई,” ते म्हणाले. “एसटीनं आला व्हय?”

“मला बाई कशाला म्हणता काका,” शिवलीला म्हणाली आणि वाकून त्यांच्या पाया पडली.

तिच्या आईनं, इरम्मानं, कडक भाकरी आणि शेंगाची चटणी बांधून दिली होती. ते गाठोडं तिनं द्वारकाबाईंच्या हातात दिलं. चहा झाला. दोन्ही घरच्यांची विचारपूस झाली. जळकोटला महालिंगप्पा, म्हणजे शिवलीलाचे वडील, या वर्षी द्राक्षाच्या बागेत कसे अडकून पडलेत ते तिनं सांगितलं. अंतिम सामन्याबद्दल कुणी विचारलं नाही. बंगळुरूचा संघ तो हरला होता.

मग हर्षाली आणि ती दोघीच लिंबाखाली राहिल्या, तेव्हा शिवलीलानंच तो विषय काढला. समोरच्या संघानं तिला मोकळं सोडलं होतं. जवळ येतच नव्हत्या त्या. ही आत घुसणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, म्हणून सगळ्या जणी मागं सरून पास अडवत बसल्या. रिंगपर्यंतची वाट समोर मोकळी होती आणि तिला जाता आलं नाही.

“लोक आपले फोटो शेजारी शेजारी लावतात ना, त्याचा मला राग यायचा,” ती म्हणाली. “पण त्यात खरं आहे थोडं. तुझं ते डावीकडून सुटणं मला येत नाही. मला शिकव.”

हर्षालीला आधी ते नीट ऐकूच आलं नाही. मग ऐकू आलं. आपल्याकडं आता जे नाही, तेच ही मागायला आलीय, आणि आपल्याकडं ते आहे असं समजून आलीय.

“ते शिकवायचं नसतं,” ती म्हणाली. काठी घेतली आणि आत गेली.

शेवटची गाडी गेली होती, म्हणून शिवलीला राहिली. जेवताना बब्रुवाननी पाहुणीला आग्रह करकरून वाढलं. लेक गप्प का आहे ते त्यांना कळत नव्हतं, पण काहीतरी आहे एवढं कळत होतं.

पहाटे हर्षालीला जाग आली ती माती घासल्याच्या आवाजानं. खिडकीतून पाहिलं तर अजून पुरतं उजाडलेलं नव्हतं. सगळा माळ दुधात पाणी घातल्यासारखा फिका दिसत होता आणि खळ्यावर शिवलीला एकटीच, चेंडू नाही काही नाही, थांबत होती आणि सुटत होती. पुन्हा मागं येऊन थांबत होती आणि सुटत होती. एक कुत्रं शेपटी हलवत तिच्याकडं बघत होतं. हर्षालीनं थोडा वेळ पाहिलं. ती सगळं चुकीचं करत होती. आधी खांदा जात होता, मग पाय. कुणालाही आधीच कळावं, अशी ती जात होती. तिच्याकडं बघवेना.

काठी टेकत ती दारात आली.

“खांदा आधी नको,” ती म्हणाली.

शिवलीला वळली. हसली नाही, आभारही मानले नाहीत. नुसती पुन्हा जागेवर जाऊन उभी राहिली.

तसं ते सुरू झालं. शिवलीला एका रात्रीसाठी थांबली होती ती उन्हाळाभर राहिली. मध्येच चार दिवस जळकोटला जाऊन यायची. सकाळी बब्रुवान दोघींना मोटारसायकलवरून पाळीपाळीनं गावातल्या शाळेच्या मैदानावर नेऊन सोडत. तिथं सिमेंटचं जुनं कोर्ट होतं, रिंगा होत्या, जाळ्या नव्हत्या. शाळेला सुट्ट्या लागलेल्या, सगळीकडं सामसूम. हर्षाली वर्गातली एक खुर्ची आणून कोर्टाच्या मधोमध बसायची आणि शिवलीला तिला चुकवून जायचा प्रयत्न करायची.

शिकवायला बसल्यावर हर्षालीला कळलं, की आपल्याला ते माहीतच नाही. आयुष्यभर ते पायांनी केलं होतं. त्याला शब्द कधी लावले नव्हते. शिवलीला विचारायची, तू नेमकं केव्हा निघतेस? मग हर्षाली डोळे मिटून घ्यायची. उन्हं चढत असायची, अंगावर ऊब यायची आणि दुपारच्या त्या स्वप्नाच्या काठावर ती आपणहून जायची. तिथं तिचे पाय धावत असत. ती त्यांच्याकडं बघायची आणि जे दिसेल ते बोलायची.

असं एकदा बसली असताना तिला सापडलं. समोरची खेळाडू श्वास सोडते, तेव्हा ती निघायची. श्वास सोडताना माणूस क्षणभर जड होतं, जमिनीला टेकतं. तेवढाच तो क्षण. हे तिनं कधी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण तिलाच ठाऊक नव्हतं. डोळे उघडून तिनं ते सांगितलं, तेव्हा शिवलीला हर्षालीच्या छातीकडं बघत उभी राहिली, श्वास कसा येतो, कसा जातो ते.

त्या दिवसापासून तिचं सुटणं बदलायला लागलं. लगेच नाही. बहुतेक वेळा ती उशिराच निघायची. पण मधूनच एखादं पाऊल असं पडायचं, की खुर्चीवर बसलेल्या हर्षालीच्या दंडावरची लव उभी राहायची. तिला आनंद व्हायचा आणि लगेच त्याच्या मागोमाग दुसरंही काही यायचं. आपल्या घरातली वस्तू दुसऱ्याच्या दारात दिसावी तसं.

घरी परतल्यावर दोघी लिंबाखाली पडून राहायच्या. शिवलीला झोपेत कानडी बोलायची. द्वारकाबाई तिच्या अंगावर आपलं जुनं लुगडं घालून जायच्या, आपल्या लेकीच्या अंगावर टाकतात तशाच.

अशाच एका दुपारी, वारा पडलेला असताना, हर्षालीनं विचारलं, “मी पडले तेव्हा तू काय म्हणत होतीस?”

“एळबेड,” शिवलीला म्हणाली. “म्हणजे उठू नको. तू सारखी उठायला बघत होतीस.”

हर्षाली वर पानांकडं बघत राहिली. मग तिनं डॉक्टर काय म्हणाले होते ते सांगितलं. पहिल्यांदाच सांगत होती, म्हणून शब्द जरा मागंपुढं झाले. शेवटी म्हणाली, “तू जे घ्यायला आलीस, ते आता फक्त तुझ्याकडंच राहणार आहे.”

शिवलीला उठून बसली. तिचे डोळे भरून आले होते, पण आवाज नेहमीसारखाच सावकाश होता.

“मला हे ठाऊक असतं तर मी मागितलं नसतं.”

“म्हणून सांगितलं नाही,” हर्षाली म्हणाली. खरं तर हे कारण नव्हतं, पण म्हणताना ते खरं झालं.

मग हर्षालीनं तिला विचारलं, न बघता तुला कसं कळतं, कोण कुठं आहे ते?

“न बघता नाही गं. चेंडू माझ्याकडं यायच्या आधीच मी सगळीकडं बघून घेतलेलं असतं. नंतर बघावं लागत नाही. नंतर नुसतं थांबायचं. तुला थांबता येत नाही, कारण तुला कधी थांबावं लागलं नाही.”

दुसऱ्या दिवशी शिवलीलानं खुर्ची कोर्टाबाहेर नेऊन ठेवली आणि हर्षालीला उभं केलं. धावायचं नाही, फक्त उभं राहून बघायचं. गावातल्या चार मुली बोलावल्या आणि त्यांना हवं तिकडं पळायला सांगितलं. हर्षालीला सुरुवातीला भोवळ आल्यासारखं झालं. सगळं आपल्याभोवती फिरतंय आणि आपण एका जागी. हे तिच्या अंगाला सोसत नव्हतं. पण काही दिवसांनी तिला दिसायला लागलं, की त्या मुली दिसतात तशा वेड्यावाकड्या पळत नाहीत. प्रत्येकीची वाट थोडी आधी कळते. डोंगरावरून येणाऱ्या ढगाची सावली आपल्या शेतावर केव्हा पोचेल ते कळावं, तशी. तिनं एकदा मोकळ्या जागेत चेंडू टाकला. तिथं कुणीच नव्हतं. चेंडू पोचला तेव्हा एक मुलगी तिथं होती, आणि आपण तिथं कशा पोचलो याचं त्या मुलीलाच नवल वाटत होतं.

जून लागला तशी शिवलीला बंगळुरूला गेली आणि हर्षाली पुण्याला.

पुढच्या हंगामात हर्षालीला सुरुवातीला बाकावर बसावं लागलं. प्रशिक्षकांना तिनं सगळं खरं सांगून टाकलं होतं. ते म्हणाले, बघू. मग थोडं थोडं खेळायला मिळायला लागलं. लोकांना ती ओळखू येईना. चालत येते, थांबते, चेंडू धरून ठेवते. प्रेक्षकांतून कुणीतरी ओरडायचं, धाव की. मोबाइलवर लिहून यायचं, की हर्षाली संपली. पण तिच्या बाजूच्या खेळाडू मोकळ्या सापडायला लागल्या होत्या आणि पुण्याचा संघ जिंकत होता.

बंगळुरूशी सामना पुण्यात होता. बब्रुवान आणि द्वारकाबाई भूमहून आले. इतक्या मोठ्या हॉलमध्ये द्वारकाबाई पहिल्यांदाच बसत होत्या. पदर दोन्ही हातांनी धरून त्या लेक कुठं आहे ते शोधत राहिल्या.

सामना बराच वेळ कुणाच्याच बाजूला झुकला नाही. दिव्यांच्या उजेडात लाकडी फरशी तळ्यासारखी चमकत होती आणि तिच्यावरून सगळ्या जणींची प्रतिबिंबं धावत होती. शेवट जवळ आला तेव्हा शिवलीला चेंडू घेऊन पुढं आली आणि हर्षाली तिच्यासमोर उभी राहिली.

काय होणार ते हर्षालीला आधीच दिसलं. डावीकडून. तिनं जागा धरली, गुडघे वाकवले, चुकलं काहीच नाही. पण श्वास धरून तरी किती धरणार. तिनं तो सोडला आणि त्याच क्षणी शिवलीला सुटली.

सगळं फार सावकाश झाल्यासारखं तिला वाटलं. खांदा आधी नाही. पाऊल लांब, जमिनीला जेमतेम शिवणारं. वेणी मागं उडाली. हर्षाली आपल्यालाच आपल्या शेजारून जाताना बघत होती. ही धाव तिनं आतून जन्मभर जगली होती, बाहेरून कधी पाहिली नव्हती. इतकी देखणी असते, हे तिला ठाऊक नव्हतं. ती वळली, मागं गेली, हात वर केला. सगळं जीव तोडून केलं. चेंडू रिंगमधून खाली आला तेव्हा हॉल दणाणून गेला. बंगळुरू आता दोन बास्केटनं पुढं होतं.

पुण्यानं चेंडू घेतला. हर्षाली सावकाश पुढं आली, थांबली, आणि डाव्या कोपऱ्यात कुणी नव्हतं तिथं चेंडू टाकला. तिच्या संघातली एक मुलगी पोचली आणि तिनं बास्केट केलं. पण वेळ उरला नव्हता. बंगळुरूचा संघ एका बास्केटनं जिंकला.

सामन्यानंतर दोघी हॉलच्या मागच्या ओसरीत गुडघ्यांवर बर्फाच्या पिशव्या ठेवून बसल्या होत्या. एक वार्ताहर मुलगी येऊन गेली. तिनं तेच विचारलं, तुमच्यात सरस कोण? हर्षाली म्हणाली, “आज ती.” मुलीला आणखी काहीतरी हवं होतं, पण ते दोघींकडं नव्हतं.

मग बब्रुवान आले. द्वारकाबाई मागून सावकाश येत होत्या. ते लेकीसमोर उभे राहिले. हरल्याचं काही बोलले नाहीत. शिवलीलाकडं पाहिलं, मग हर्षालीकडं पाहिलं, आणि आवाज खाली आणून म्हणाले, “ती जवा तुज्या बाजूनं गेली ना, तवा म्या तुला बघितलं.”

डॉक्टर गुडघ्याबद्दल काय म्हणाले होते ते हर्षालीनं त्यांना कधीच सांगितलं नव्हतं. आता सांगायची गरजही उरली नव्हती.

“व्हय, दादा,” ती म्हणाली. “मी पण.”

बब्रुवाननी मान हलवली. मग शिवलीलाच्या डोक्यावर हात ठेवून त्यांनी विचारलं, की रात्रीची गाडी आहे तर वाटेत खायला काही घेतलंयस का. तिनं नाही म्हटलं. द्वारकाबाई म्हणाल्या, की समोर चांगली खानावळ दिसली होती, सगळेच जाऊ. हर्षालीनं बर्फाची पिशवी बाजूला ठेवली. शिवलीलानं उभं राहून तिला हात दिला. जिन्याच्या पायऱ्या दोघी एकमेकींच्या आधारानं उतरल्या, हर्षालीच्या चालीनं, अजिबात घाई न करता.